एक लोटा बरोबर एक किलो

केशोरीत देवाजीला ‘डॉक्टर’ म्हणणारी माणसं दोन प्रकारची होती. पहिली म्हणजे ज्यांना तो खरंच डॉक्टर वाटायचा. ही बहुतेक म्हातारी होती आणि दरवर्षी कमी होत चालली होती. दुसरी म्हणजे ज्यांना त्याच्याकडून एखादी गोळी फुकटात काढायची असायची. देवाजी दोघांकडेही सारख्याच गांभीर्याने पाहायचा आणि ‘जीभ काढ’ म्हणायचा. नोकरीने तो कंपाउंडर होता. जवळच्याच एका दवाखान्यात एकतीस वर्षं त्याने एका मोठ्या बरणीतलं लाल औषध लहान लहान बाटल्यांत ओतलं, बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवली आणि ‘एक निशाण सकाळी, एक निशाण संध्याकाळी’ असं सांगितलं. एवढ्या भांडवलावर त्याने उभ्या आयुष्याचा रुबाब केला.

२००७ साली तो निवृत्त झाला. निरोपाच्या कार्यक्रमात त्याला शाल मिळाली, पुष्पगुच्छ मिळाला, साहेबांचं भाषण मिळालं. औषध मोजायचा काचेचा ग्लास मात्र मिळाला नव्हता. तो आला. शंभर मिलीचा, आडव्या रेघा मारलेला हा ग्लास देवाजीने घरी खिडकीत ठेवला आणि त्याच दिवसापासून कलाबाईच्या स्वयंपाकघरावर साडेसाती सुरू झाली.

रिकामा नवरा आणि रिकामी बैलगाडी, दोन्ही अंगणातच बरी. पण देवाजी अंगणात मावेना. सकाळी चहाला उभा. “पानी नव्वद मिली, दूध साठ मिली.” कलाबाई पातेल्यात अंदाजाने पाणी ओतायची, तर हा खाली वाकून काठाशी डोळा लावणार, जणू पातेल्याला गोवर झालाय. वरणात मीठ टाकायला तिने चिमूट उचलली की याच्या कपाळाला आठी.

“चिमूट म्हंजे किती?”

“चिमूट म्हंजे चिमूट.”

“तुही चिमूट वेगळी, सुशिलाबाईची चिमूट वेगळी. असं चालते का? माह्या हातून तीस हजार बाटल्या गेल्या. एक निशाण इकडचं तिकडं झालं नाई.”

“बाटलीतलं वरण कोनी खाल्लं होतं?” कलाबाई म्हणायची आणि मीठ टाकून मोकळी व्हायची.

शेवटी देवाजीने एक तक्ता केला. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर, लाल शाईने, पट्टीने रेघा मारून. चमचा पाच ग्रॅम. वाटी दीडशे ग्रॅम. लोटा एक हजार ग्रॅम, म्हणजे एक किलो. खाली सही. सहीखाली तारीख. असा तो तक्ता चुलीवरच्या भिंतीला खिळ्याने ठोकला.

कलाबाई चौथीपर्यंत शिकलेली. पण तिने तक्ता वरून खाली वाचला आणि चौथीच्या मुलीलाही पडेल असा प्रश्न विचारला. “कशाची वाटी?”

“कशाची म्हंजे?”

“तांदळाची का तिखटाची का बेसनाची?”

देवाजीला तिची कीव आली. “अवं, वाटीले कशाची काय असते? वाटी वाटी असते. दीडशे मिली भरते म्हंजे दीडशे ग्रॅम. एक मिली, एक ग्रॅम. हे शास्त्र आहे.”

एकतीस वर्षं ज्याने फक्त पातळ पदार्थ मोजले, त्याला जग पातळच दिसणार. यात देवाजीचा दोष नाही असं कोणी म्हणेल. पण दोष नसता तर त्याने निदान एकदा घरातला तराजू उचलून पाहिला असता. तराजू फळीवरच होता. त्याला धूळ होती. देवाजीला तिथवर हात नेणं कमीपणाचं वाटत होतं. तराजू किराणावाल्यांनी वापरायची वस्तू.

शेजारची सुशिलाबाई तेव्हा ताक मागायला आली होती. तिच्या जिभेला हाड नाही हे सगळ्या केशोरीला ठाऊक आहे. तिने तक्ता पाहिला, पदर तोंडाशी धरला.

“डॉक्टरभाऊजी, मंग मुरमुऱ्याचा लोटा बी एक किलो?”

“हो.”

“अन् गिट्टीचा?”

“खाण्याच्या वस्तूचं बोला,” देवाजी म्हणाला.

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. कलाबाई तक्त्याला पळी टांगायची आणि आपल्या हातानेच स्वयंपाक करायची. पण २००८ सालची बुद्धपौर्णिमा आली.

केशोरीच्या विहारात पौर्णिमेला खीरदान असतं. सुजाताने बुद्धांना दिलेल्या खिरीची आठवण म्हणून वस्तीतल्या बायका शेवयांची खीर करतात. आधी भंतेजींना, मग सगळ्या गावाला. आणि बावीस वर्षं त्या खिरीची पळी कलाबाईच्या हातात होती. तीनशे माणसांची खीर, चाळीस लिटर दूध, पण ना पातळ होणार ना बुडाला लागणार. तिचं माप होतं एक पितळी लोटा. लोट्याने शेवया, लोट्याने साखर, लोट्याने खोबऱ्याचा कीस. कलाबाईला दुसरं काही मिरवायला नव्हतं. ना ती भाषण करायची, ना कमिटीत खुर्ची होती. वर्षातून एक दिवस सगळी वस्ती तिच्या चुलीकडे पाहून बसायची, एवढंच.

त्या वर्षी ते एवढंसुद्धा जाणार अशी वेळ आली. विहार कमिटीचा अध्यक्ष संघदीप हा अर्जुनीत बांधकामाचे ठेके घेणारा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. त्याला चूल, धूर आणि डोळे पुसत बसलेल्या बाया म्हणजे मागासलेपणा वाटायचा. त्याने बैठकीत सांगून टाकलं, “कॅटरर बोलवू. गोंदियात आजकल सब जगह कॅटरर राहते. टोपी घालून वाढतेत.” बायकांनी गिल्ला केला. तेव्हा तडजोड झाली ती अशी की या वर्षी बायकांनी करावी. काही गडबड झाली नाही तर पुढेही त्यांनीच करावी, आणि गडबड झाली तर पुढच्या पौर्णिमेपासून टोपीवाले. भंतेजी बारानंतर अन्न घेत नाहीत, म्हणून खीर बाराच्या आत तयार पाहिजे, हेही संघदीपने दोनदा बजावलं.

आणि नेमकी लेक बाळंत झाली. साक्षी तिरोड्याला दिलेली. पौर्णिमेच्या आधी दहा दिवस मुलगी झाली, सासरी करायला कोणी नाही. कलाबाईला जावंच लागलं. निघताना तिने सुशिलाबाईला बोलावलं, लोटा तिच्या हातात दिला.

“चाळीस लिटर दुधाले शेवया दहा लोटे, साखर सहा, खोबरं दोन. शेवया भाजून घेजा. मी पौर्णिमेच्या सकाळच्या गाडीनं गोंदियाहून अर्जुनीले उतरतो, मंग बसनं येतो. अकरा वाजतीन. तवर सुरू करून ठेवजा.”

दारातच संघदीप उभा होता. “मावशी, किराणावाला लोट्यानं देत नाही. मले किलोत यादी पाहिजे.”

मागासलेल्या बायका हातातल्या लोट्याकडे पाहू लागल्या. देवाजीच्या छातीत मात्र एकतीस वर्षांचं वारं भरलं.

“यादी मी देतो,” तो म्हणाला.

कलाबाईने पिशवी खाली ठेवली. “तराजूवर मोजजा हो. शेवया हलक्या राहतेत.”

“तू गाडी पकड,” देवाजी म्हणाला. बायकोने शास्त्र शिकवावं अशी वेळ त्याच्यावर आली नव्हती.

ती गेल्यावर त्याने अंगणात खाट टाकली, शेजारी बादली ठेवली, मांडीवर वही घेतली. काचेचा ग्लास रेघेपर्यंत भरायचा, डोळ्यासमोर धरायचा, लोट्यात ओतायचा, वहीत टिंब करायचं. शेजाऱ्यांना दिसावं म्हणून हे सगळं फाटक उघडं ठेवून. नऊ ग्लास पूर्ण गेले, दहाव्याला थोडं पाणी उरलं. नऊशे नव्वद मिली. दहा मिली सांडलं असेल, असं धरून त्याने लिहिलं: लोटा एक किलो. पुढचं गणित कोणीही केलं असतं. शेवया दहा किलो. साखर सहा किलो. खोबऱ्याचा कीस दोन किलो. खाली सही आणि वर मथळा: ‘कलाबाईचे माप, ग्रॅममध्ये.’

बायकांनी चैत्रात वळून वाळवलेल्या शेवया भरल्या फक्त चार किलो. इतक्या वर्षांत चार किलो कधी संपल्या नव्हत्या. सुशिलाबाईने हे सांगून पाहिलं. देवाजीने यादीवर बोट ठेवलं. संघदीपने उरलेल्या सहा किलो अर्जुनीहून पाकिटातल्या आणल्या.

पौर्णिमेला सकाळी आठला विहारामागे चूल पेटली. मोठ्या गंजात दूध चढलं. देवाजी पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशात दोन पेनं, हातात यादी. बायकांना त्याने चुलीपासून हात धुण्यापर्यंत सूचना दिल्या. दहाच्या सुमाराला दूध उकळलं, तेव्हा सुशिलाबाई भाजलेल्या शेवयांचा ढीग पाहून मागे सरली. ढीग कसला, सुगरणीचं घरटंच ते.

“भाऊजी, हे लय होतेत. मी लोट्यानं टाकतो ना.”

“रोग्याले अर्धा डोस दिला तं बरा होते का?”

“खिरीले कोनता रोग झाला?”

“सुशिलाबाई, हे माप माहं नाई. कलाबाईचं आहे. वर लिहिलं आहे, पाहा. तुमाले बदलायचं असन तं बदला. मंग बिघडलं तं तुमचं नाव.”

इथे सुशिलाबाईची जीभ आयुष्यात पहिल्यांदा अडखळली. मापात हात घातला आणि खीर बिघडली, तर टोपीवाले आणण्याचं खापर तिच्या डोक्यावर. तिने डोळे मिटले आणि दहा किलो शेवया दुधात लोटल्या.

पहिली पाच मिनिटं देवाजीची होती. शेवया दुधात बुडाल्या, वर दूध दिसत राहिलं. “पाहा. पातळच आहे,” असं म्हणत तो गंजाभोवती एक फेरी मारून आला. फेरी पुरी होईस्तोवर दूध दिसेनासं झालं. मग पळी जड झाली. मग दोन बायका मिळून पळी फिरवू लागल्या. साखर आणि खोबरं पडलं तेव्हा ते वरच राहिलं, खाली जायला वाटच नव्हती. पावणेअकराला सुशिलाबाईने पळी सोडली. ती उभी राहिली. सुशिलाबाई नव्हे, पळी.

देवाजीने वाकून आत पाहिलं. पण माणूस सराईत. त्याने मनात ताबडतोब पुरावा जुळवला: माप तिचं, शिजवलं सुशिलाबाईने, दूध गाभण म्हशीचं असेल. आपण मधे कुठेच नाही.

अकरा वाजून पाच मिनिटांनी कलाबाई आली. हातात पिशवी, कपाळावर बसचा घाम. विहारात भंतेजींचं वंदन सुरू होतं. इकडे चुलीभोवती सगळी कमिटी गोळा झालेली, आणि मध्ये संघदीप, दुःखी चेहरा करण्याचा प्रयत्न करत. त्याला ते जमत नव्हतं.

“मावशी, वाईट वाटून घेऊ नका. पन बैठकीत ठरलं होतं. पुढच्या वर्षी कॅटरर.”

कलाबाईने गंजात पाहिलं. पिशवी तिच्या हातातून आपोआप खाली गेली. बावीस वर्षं ती या जागी बसली होती. आज तिच्यासाठी कोणी पाटही सरकवला नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने लिंबाच्या झाडाकडे पाहिलं. लिंब तिथे चाळीस वर्षं उभा होता, पण देवाजीला तो आजच भेटत होता.

गप्प राहिलं की निभतं, हे तो दवाखान्यात शिकला होता. साहेब ओरडले की कंपाउंडरने बरणी पुसायची. इथे बरणी नव्हती, म्हणून तो चष्मा पुसत होता. आणखी दोन मिनिटं तो पुसत राहिला असता तर कलाबाईची पळी कायमची गेली असती.

पण संघदीपला बोलण्याची खोड. त्याने देवाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “काकाजीची काही गलती नाही. माप मावशीचं चुकलं. काकाजीनं बिचाऱ्यानं नुसतं लिहून दिलं.”

नुसतं लिहून दिलं.

देवाजीचे कान लाल झाले. ‘नुसता कंपाउंडर’ हे एकतीस वर्षं पाठीमागे ऐकलं होतं. आज तोंडावर, तेही ठेकेदाराकडून.

“नुसतं?” तो ओरडला. “नुसतं लिहून दिलं? तिच्या मापात ग्रॅम होता का? लोटा होता लोटा! ग्रॅम मी काढला. ग्लासानं मोजून काढला! नऊशे नव्वद मिली! वहीत आहे माह्या, दाखवू?”

वंदन संपलं होतं, त्यामुळे हे अगदी भंतेजींपर्यंत गेलं.

सुशिलाबाईने संधी सोडली नाही. “थांबा, थांबा. मिली म्हंजे? लोट्यात काय भरलं होतं तुमी?”

“पानी.”

“शेवया नाई?”

“शेवया कायले? लोटा मोजायचा होता. लोटा!”

“अन् तराजू?”

“माह्या ग्लासापुढं तराजू काय आहे?”

मग मागे बसलेल्या सुलोचनाबाई, सत्तरीच्या, दात नसलेल्या, हळूच म्हणाल्या, “पानी मोजलं अन् शेवया टाकल्या व बाई.” आणि जी हसायला लागली बायकांची रांग, ती काही थांबेना. एकीने दुसरीच्या पाठीत गुद्दा घातला. संघदीपचा हात देवाजीच्या खांद्यावरून कधी निघून गेला ते कळलंही नाही.

देवाजीला वाटलं, लोकांना मुद्दा समजला नाही. तो पुन्हा समजावू लागला, आणि जितकं समजावलं तितकी कलाबाई सुटत गेली. बायकोला वाचवायचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याला फक्त आपलं नाव पाहिजे होतं. ते मिळालं.

कलाबाईने पदर खोचला. साडेअकरा झाले होते.

“सुशिलाबाई, दुसरे गंज आना, दोन. केशोरावदादाकडून दूध आना, जेवढं असन तेवढं. बाकीच्या घरोघरी जा, चहाचं दूध बी चालते. संघदीप, तू पानी तापव.”

“मी?” इस्त्रीचा शर्ट म्हणाला.

“टोपी पाहिजे का?”

संघदीपने चूल फुंकली. वस्तीत चार म्हशी बाळगणारे केशोराव पंधरा लिटर घेऊन आले, आणि तांब्या-पातेल्यांतून आणखी तेवढंच आलं. कलाबाईने घट्ट झालेला तो गोळा उलथन्याने कापून बाहेर काढला, गंजात एक तृतीयांशही ठेवला नाही, वर दूध आणि गरम पाणी सोडलं, साखर चाखून घातली. आधी भंतेजींपुरती छोट्या पातेल्यात वेगळी केली. बाराला दहा कमी असताना वाटी त्यांच्यापुढे गेली. भंतेजींनी सावकाश खाल्ली, आणखी एक पळी घेतली आणि मंगलकामना म्हटली. उरलेल्यांना खीर एक वाजता मिळाली. थोडी जास्त गोड होती. कोणी तक्रार केली नाही; करणाऱ्यांपैकी मुख्य माणूस धुराने डोळे चोळत होता.

जेवणं झाल्यावर केशोरावांनी घरचा तराजू मागवला. सगळ्यांसमोर लोटा शेवयांनी भरला, रिकामा केला, शेवया पारड्यात घातल्या. तीनशे ग्रॅम. आणखी दोनदा करून पाहिलं. तीनशे, थोडं कमी.

“तराजू हलका आहे,” देवाजी म्हणाला.

कमिटीची बैठक तिथेच, पंगतीच्या सतरंजीवर झाली. ठराव दोन झाले. खीर कलाबाईकडेच राहील. आणि देवाजीभाऊंनी चुलीच्या वीस पावलांच्या आत येऊ नये. पावलं कोणाची, असा त्याने प्रश्न विचारला, कारण प्रत्येकाचं पाऊल वेगळं.

आता उरला होता तो बाहेर काढलेला गोळा. दोन गंज भरून. कोणीच न्यायला तयार होईना. सुशिलाबाई म्हणाली, शेणाच्या ढिगावर टाका. कलाबाई एवढंच बोलली. “अन्न आहे. ज्याचं माप त्याच्या घरी जाईन.”

तसे ते दोन्ही गंज देवाजीच्या घरी आले. त्याने ते वाईट म्हणायचं तर माप वाईट ठरणार, म्हणून तो खायला बसला. दुपारी ताटभर. चार वाजता ताटभर, चाकूने वड्या पाडून. शेजारी आवर्जून विचारायला येत होते आणि तो प्रत्येकाला तोंड भरलेलं असताना मान हलवून दाखवत होता. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला फ्रीज होता, पण मे महिना, बारा-बारा तास लाइन गायब. दुसऱ्या दिवशी सकाळी गंजाला आंबूस वास यायला लागला. शेजारच्या बकरीने गंज हुंगला आणि निघून गेली.

सुशिलाबाई कुंपणावरून पाहत होती. “काऊन भाऊजी, खराब झाली का?”

देवाजीने घास तोंडात घातला. घशातून उतरायला त्याला बराच वेळ लागला.

“दह्यासारखी झाली,” तो म्हणाला. “पोटाले चांगली राहते.”